सेलिमा मांजरीची चौकट: बेंटलीच्या शाईच्या चित्राची अभ्यासप्रत (प्रकल्प नोंदी)

१२ जून

आजपासून सुरू करतेय. काम असं आहे की रिचर्ड बेंटली या इंग्लिश चित्रकाराने थॉमस ग्रे या इंग्लिश कवीने मांजरीवर लिहिलेल्या कवितेसाठी एक पानभर चित्र काढलं होतं, ते पुस्तक १७५३ साली लंडनला निघालं, त्या चित्राची मला शाईने एक अभ्यासप्रत करायचीये. आकार छापील पानाएवढाच ठेवणार, मोठा करणार नाही. एवढ्याशा जागेत इतकं सगळं मावलं कसं हेच तर बघायचंय.

हे चित्र का, तर मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि आमच्याकडे पानाची बॉर्डर म्हटलं की वेल, पानं, फुलं, कोपऱ्यात एखादा पक्षी, झालं. मधलं चित्र म्हणजे गोष्ट आणि कडेचं म्हणजे सजावट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की कुणी प्रश्नच विचारत नाही. बेंटलीने हे पावणेतीनशे वर्षांपूर्वी मोडून ठेवलंय. त्याच्या चित्रात मधे एक मांजर काठावर उभी आहे, बस, एवढंच चाललंय, आणि बाकी सगळं नाटक चौकटीत. ते कसं जमवलंय हे नुसतं बघून कळणार नाही, हाताने काढलं तरच कळेल असं मला मनापासून वाटतं.

बेंटलीची शाईची मूळ चित्रं आज अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या फार्मिंग्टन गावात लुईस वॉलपोल लायब्ररीत आहेत, ही येल विद्यापीठाची लायब्ररी. मी काम करणार ते स्कॅनवरून, मोठ्या स्क्रीनवर झूम करून, आणि शेजारी १७५३च्या पुस्तकातल्या छापील चित्राचा स्कॅन ठेवून.

१४ जून

चित्राला हात लावायच्या आधी गोष्ट नीट लिहून ठेवते, कारण ग्रुपमधल्या सगळ्यांना ती माहीत नाही.

होरेस वॉलपोल, म्हणजे इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलचा मुलगा, याच्या लंडनमधल्या आर्लिंग्टन स्ट्रीटच्या घरात मांजरी होत्या. त्यातली सेलिमा १७४७च्या फेब्रुवारीत सोनेरी मासे ठेवलेल्या चिनी मातीच्या मोठ्या भांड्यात पडून बुडाली. वॉलपोल आणि ग्रे ईटनच्या शाळेपासूनचे मित्र, दोघं मिळून १७३९ ला युरोपच्या दौऱ्यावर गेले, १७४१ मध्ये इटलीत असताना कडाक्याचं भांडून वेगळे झाले, आणि १७४५ ला परत जुळलं. म्हणजे मांजर गेली तेव्हा मैत्री सांधून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. वॉलपोलने कळवल्यावर ग्रेने केंब्रिजहून उलट विचारलं की बाबा रे, नक्की कुणाचा शोक करायचाय ते सांग, झारा का सेलिमा, का फातिमा होतं तिचं नाव, मला दोघी एकत्रच माहीत होत्या, कुठली कोण ते सांगता येत नाही. आणि मग १ मार्चच्या पत्रातून त्याने कविता पाठवली. सहा-सहा ओळींची सात कडवी, ओड म्हणतात तशी, म्हणजे वीरांना किंवा देवतांना उद्देशून लिहायच्या थाटात, आणि विषय घरातली मांजर.

ती १७४८ मध्ये रॉबर्ट डॉड्स्ली या प्रकाशकाच्या कवितासंग्रहात छापून आली, चित्राशिवाय. चित्रं आली ती पाच वर्षांनी.

१५ जून

कविता परत वाचली, दोनदा, मोठ्याने. मांजर भांड्याच्या काठावर बसलीय, पाण्यात आपलंच तोंड बघून खूश आहे, मग खाली दोन मासे सरकताना दिसतात, ती नख लावायला वाकते, पाय घसरतो, पडते. आठ वेळा वर येते. पाण्यातल्या प्रत्येक देवाला हाका मारते. कोणी येत नाही. डॉल्फिन नाही, जलपरी नाही, आणि घरातली नोकरमाणसं टॉम आणि सुझन यांनाही ऐकू गेलं नाही. लाडक्यांना मित्र नसतो म्हणतो ग्रे. ही ओळ मला हसता हसता एकदम टोचते. शेवटच्या कडव्यात तो बायकांना उपदेश करतो, चकाकतं ते सगळं सोनं नसतं वगैरे, ते कडवं मला फारसं आवडत नाही.

सॅम्युअल जॉन्सन या इंग्लिश टीकाकाराने १७८१ साली ग्रेचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यालाही ते पटलं नव्हतं, त्याचं म्हणणं असं की ते चकाकणारं खरंच सोनं असतं तर मांजर पाण्यात गेलीच नसती, आणि गेली असती तरी बुडायची ती बुडालीच असती. बिनतोड आहे. पण जॉन्सनने ही अख्खी कविताच जमली नाही म्हणून बाजूला टाकली, तिथे मी त्याच्या बाजूने नाही.

१७ जून

आज नुसतं बघायचं काम. ट्रेसिंग नाही, पेन्सिल नाही. १७५३च्या पुस्तकात प्रत्येक चित्राचं लेखी स्पष्टीकरण दिलेलं आहे, त्यामुळे कुठली आकृती म्हणजे काय याचा अंदाज बांधायची गरज नाही.

मधे भांडं, त्याच्या काठावर सेलिमा, माशावर झडप घालायच्या बेतात. दोन्ही बाजूंना खांबाच्या जागी दोन आकृत्या, देवळाच्या खांबांवर मूर्ती कोरलेल्या असतात तशा पण इथे मूर्ती हाच खांब. त्यातली एक नदीचा देव, त्याने आपले कान बंद करून घेतलेत. दुसरी नियती, ती मांजरीच्या आयुष्याचे नऊ धागे कापतेय, कारण इंग्लंडात मांजरीला नऊ आयुष्यं असतात असं मानतात. वर मधोमध मांजरीचं मुंडकं, त्याच्या दोन बाजूंना विझत आलेले दोन दिवे. त्याच्यावर दोन उंदराचे पिंजरे. आणि पिंजऱ्यांच्या एका बाजूला, हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं, चिनी पॅगोडासमोर एक मांजर मँडरिन बनून, म्हणजे चिनी दरबारी अधिकारी बनून, गळ टाकून चिनी बरणीतले सोनेरी मासे पकडत बसलीय, आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक मांजर जाळं ओढतेय. अगदी खाली तळाशी उंदीर, आता ही मरणार म्हणून मजा करतायत. त्यांच्याजवळ एक लायर, म्हणजे ग्रीक कवींचं तंतुवाद्य, आणि चित्रकाराचं रंगांचं पॅलेट.

हे सगळं एका पानात.

आता कवितेशी ताडून बघितलं. उंदीर कवितेत नाहीत. पिंजरे नाहीत. गळवाली मांजर नाही, जाळंवाली नाही. दिवे नाहीत. देव आणि नियती यांचा उल्लेख सोडला तर कविता फक्त मधल्या भागात आहे, आणि तिथेही अर्धीच, कारण सेलिमा अजून पडलेलीच नाहीये. बाकीचं बेंटलीचं स्वतःचं. म्हणजे त्याने कविता वाचून तिला उत्तर लिहिलंय, शाईने.

२० जून

शाई. बाजारातली ड्रॉइंग इंक वापरता आली असती पण मला त्या काळी युरोपात सर्रास वापरात असलेली लोहाची शाई करून बघायची होती, आणि सामान आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात आरामात मिळतं. मायफळ, हिराकस, बाभळीचा डिंक. मायफळ म्हणजे फळ नाहीच, ओकच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो तिथे जी गाठ येते ती, तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. कुटून पाण्यात भिजवलं, चांगलं तपकिरी पाणी उतरलं, गाळलं, त्यात हिराकस विरघळवलं आणि शेवटी डिंक, म्हणजे शाई कागदावर फिस्कटत नाही आणि लेखणीला धरून राहते.

लिहिताना ही शाई फिकी दिसते, करडी, कधी जांभळट. मग हवा लागली की लोहाचं ऑक्सिडेशन होत जातं आणि तासाभरात, रात्रभरात रेघ काळी होते. चित्र काढताना हे लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे आत्ता दिसतंय त्यापेक्षा ते उद्या गडद असणार आहे, हात आवरून काढायचं. हिराकस जास्त झालं तर वर्षानुवर्षांनी शाई कागद खाते, रेघेच्या जागी चीर पडते, युरोपातल्या कितीतरी जुन्या कागदांची ही अवस्था आहे. म्हणून मी हिराकस कमीच ठेवलं. जुन्या चित्रांतल्या रेघा तपकिरी दिसतात त्यातल्या बऱ्याच मुळात काळ्या होत्या, हे कळल्यापासून मी म्युझियमच्या वेबसाइटवर कुठलंही तपकिरी स्केच बघितलं की आधी मनात ते काळं करून बघते.

२३ जून

लेखणी. स्टीलची निब कारखान्यात ढिगाने बनायला लागली ती १८२०च्या पुढे बर्मिंगहॅमला, त्यामुळे बेंटलीच्या हातात पीस असणार. ओळखीतल्या एकांच्या शेतावर गीज, म्हणजे बदकासारखे मोठे पक्षी, पाळलेत, त्यांनी गळालेली पंखाची मोठी पिसं ठेवून दिली होती. गरम वाळूत खुपसून कडक केली, मग तिरका काप, चीर, टोक. पिसाची रेघ निबेपेक्षा मऊ येते, दाबलं की पटकन रुंद होते आणि सोडलं की लगेच बारीक, आणि आवाज करत नाही फारसा. पण टोक लवकर झिजतं, सारखं कापून घ्यावं लागतं.

कागद कॉटन रॅगचा हातकागद. तेव्हाचा युरोपातला कागद तारांच्या साच्यावर व्हायचा, उजेडात धरला की समांतर रेघा दिसायच्या, एकसारख्या सपाट पोताचा कागद इंग्लंडात छापील पुस्तकात आला तो १७५७ ला, म्हणजे या पुस्तकानंतर. माझा कागद तसा रेघांचा नाही. चालवून घेतेय.

२७ जून

पेन्सिलने ढाचा. आधी उभी मधली रेघ आणि दोन्ही खांबमूर्तींचे अक्ष, मग भांड्याची लंबवर्तुळं. इथे एक गोष्ट लगेच कळली, अख्खी रचना इमारतीसारखी आहे, खाली चौथरा, बाजूला खांब, वर छत, छतावर पॅगोडा. नाटकाच्या रंगमंचाची कमान म्हटलं तरी चालेल. बेंटली आणि वॉलपोल तेव्हा खरोखरच घर बांधत होते. वॉलपोलने ट्विकनमला थेम्सजवळ स्ट्रॉबेरी हिल नावाचं घर १७४७ ला भाड्याने घेतलं, नंतर विकत घेतलं आणि त्याचं गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीतल्या, वाड्यात रूपांतर करायचा ध्यास घेतला, त्यासाठी त्याने मित्रांची एक रुचि-समिती केली होती, त्यात तो स्वतः, जॉन च्यूट आणि बेंटली. जिना, कंदील, शेकोटीच्या भिंती, पडदे-जाळ्या, बेंटली हे सगळं डिझाइन करत होता. त्यामुळे चौकट काढताना त्याचा हात गवंड्यासारखा चालतो, कशावर काय टेकलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी बॉर्डर काढते तेव्हा ती कशावरच टेकलेली नसते, तरंगत असते कागदावर. हे मला यापुढच्या प्रत्येक पुस्तकात उपयोगी पडणारे.

आणि ही इमारत एकाच शैलीची नाही. खांबमूर्ती ग्रीक-रोमन, वरचा भाग चिनी, वळणं फ्रेंच रोकोको, म्हणजे त्या काळची नाजूक, वळणावळणांची सजावटीची शैली. १७५०च्या सुमारास लंडनला चिनी वस्तूंचं भयंकर वेड होतं, आणि भांडं तर खरंच चिनी, निळ्या-पांढऱ्या रंगाचं. सोनेरी मासेही मूळचे चीनचेच, इंग्लंडात तेव्हा नवलाईचे आणि श्रीमंताघरचे. म्हणजे वरचा पॅगोडा उगाच ठेवलेला नाही, भांडं आणि मासे जिथून आले तिथलंच दृश्य तो वर उभं करतोय.

३० जून

नदीचा देव. आज दिवसभर हाच.

कवितेत ग्रे म्हणतो की मांजरीने पाण्यातल्या प्रत्येक देवाला साद घातली आणि मदत आली नाही. बस. का आली नाही ते सांगत नाही. तुम्हाला वाटतं, देव कुठले असायला भांड्यात, ते नव्हतेच तिथे. बेंटलीने देव तिथे आणून उभा केला. अगदी बाजूला, हात लांबवला तर मांजर वाचेल एवढ्या अंतरावर, आणि त्याचे दोन्ही हात कानांवर. त्याला ऐकू येतंय. ऐकू येतंय म्हणूनच त्याने कान बंद केलेत.

आपल्याकडे अभंगांतून भक्त देवाशी भांडतो, ऐकू येत नाही का तुला म्हणून जाब विचारतो, आणि त्या भांडणात आशा असते की कधीतरी ऐकेल. हा देव ऐकूनसुद्धा येणार नाहीये. मी हे काढत असताना कोपर कसं वर उचललंय, बोटं कशी दाबलीत याकडे बघत होते आणि मला सेलिमाचा खरंच कळवळा आला. लाडक्यांना मित्र नसतो या ओळीचं इतकं कठोर चित्र दुसरं होऊ शकत नाही, आणि बेंटलीने ते हसण्याच्या चित्रात, कडेला, खांब म्हणून लपवलंय.

अजून एक. खांबमूर्तीचं काम भार पेलायचं. हात कानांवर ठेवल्यामुळे याचे हात कशालाच आधार देत नाहीत, वरचा सगळा डोलारा नुसत्या डोक्यावर. काढताना मानेचे स्नायू दाखवावेत का असा मोह झाला, पण त्यात नाही ते घालायचं नाही.

४ जुलै

नियती आणि तिचे धागे. ग्रीक गोष्टीत तिघी असतात, एक सूत कातते, एक मापते, एक कापते. बेंटलीने एकीवरच भागवलं आणि धागे नऊ केले. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते आणि मग दिसत नाही, ही मात्र शेवटाला हजर असते, कात्री घेऊन. ग्रेच्या कवितेत दुष्ट नियती शेजारी बसून हसते, एवढंच करते. इथे ती कामाला लागलीय.

मला विचार करायला लावलं ते वेळेने. मधल्या चित्रात मांजर अजून काठावर उभी आहे, कोरडी आहे, तिला वाटतंय मासा मिळणार. पण कडेला देव कान झाकून बसला म्हणजे तिच्या हाका सुरू झाल्यात, धागे कापले जातायत म्हणजे ती बुडतेय, वर दिवे विझत आलेत, खाली उंदरांनी जल्लोष सुरूही केला. एकाच पानात मधे 'आधी' आणि कडेला 'नंतर'. बघणाऱ्याला सगळं माहीत, फक्त मांजरीला माहीत नाही. कॉमिक्समध्ये आपण चौकोन पाडून वेळ पुढे नेतो, याने एक चौकोन आणि त्याची चौकट यातच ते केलंय.

धागे काढणं प्रत्यक्षात अवघड आहे, समांतर, बारीक, आणि एका श्वासात. पीस ताजं कापून, शाई अगदी कमी घेऊन काढले. उद्या काळे झाले की कळेल एकसारखे आलेत का.

५ जुलै

धागे छान आलेत. पुढे जाते.

६ जुलै

गळवाली मांजर आणि जाळंवाली मांजर. एका मांजरीने बेबंद झडप घातली आणि मेली, आणि तिच्या डोक्यावर दुसऱ्या दोघी शांतपणे, साधनं वापरून, बरणीतले मासे काढतायत. दरबारी मांजर तर किती निवांत आहे. मी बराच वेळ हे दोन प्रकारे वाचत होते. एक म्हणजे सेलिमाचं स्वप्न, ती मनात जे बघतेय ते छतावर. दुसरं म्हणजे मांजरींचा स्वर्ग, दूर चीनमधे कुठेतरी, जिथे मासे आहेत आणि बुडणं नाही. माझा कौल दुसऱ्याला. पण ग्रेच्या उपदेशाच्या कडव्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणं वाटतं, कारण बेंटली असं म्हणत नाही की मासा हवासा वाटणं वाईट. तो म्हणतो गळ घेऊन ये.

आकाराने या मांजरी नखाएवढ्या आहेत. भिंग लावून काढल्या. चेहऱ्यावर चार-पाच ठिपके, त्यात डोळे, नाक, अधिकाऱ्याचा तोरा सगळं आलं पाहिजे.

९ जुलै

उंदीर, पिंजरे, दिवे. पिंजरे दिव्यांच्या वर का, हे काढता काढता सुचलं. राजाच्या किंवा सेनापतीच्या स्मारकावर त्याने जिंकलेली शस्त्रं, ढाली, झेंडे कोरतात. मांजरीच्या स्मारकावर काय कोरणार, तर उंदराचे पिंजरे. म्हणजे चौकट नुसतं रंगमंच नाही, समाधीही आहे. मधलं मुंडकं, विझणारे दिवे, सगळं थडग्याचं सामान. ग्रेने मांजरीसाठी वीरगीताचा थाट वापरला, बेंटलीने त्याच्या जोडीला वीराचं स्मारक बांधलं. कवितेची चाल शब्दांत होती ती त्याने दगडात नेली, आणि मग त्या दगडाच्या पायथ्याशी उंदीर नाचवले. आता मी हे चित्र वरून खाली बघते, आधी स्वर्ग, मग स्मारक, मग प्रसंग, मग खालच्या मजल्यावर ज्यांची सुटका झाली ते. उंदरांच्या बाजूने कुणीतरी बोललं याचा मला आनंद आहे.

उंदीर पटापट आले. शेपट्यांना एकच झटका.

११ जुलै

आज चित्र नाही, माणसाबद्दल.

रिचर्ड बेंटली जन्मला १७०८ मध्ये, वारला १७८२ मध्ये. बाप त्याच नावाचा, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख आणि ग्रीक-लॅटिनचा त्या काळचा सगळ्यात दरारा असलेला पंडित. मुलाने चित्रं काढली, नाटकं लिहिली, घरं सजवली, आणि पैसा कधी हातात टिकला नाही. हे पुस्तक निघालं त्याच सुमारास घेणेकरी मागे लागले म्हणून तो जर्सी बेटावर जाऊन राहिला. वॉलपोल त्याला पत्रं लिहीत राहिला, काम देत राहिला, पुढे १७६०च्या आसपास दोघांचं फाटलं. वॉलपोलच्या मैत्रीत लाडकं असणं म्हणजे काय हे बेंटलीला नंतर कळलं असेल. ते चित्र काढताना त्याला माहीत नव्हतं, आणि मी त्यात ते वाचू नये हे बरं, पण लिहून ठेवते.

आणि ग्रे. हा माणूस प्रसिद्धीला इतका बुजायचा की वॉलपोलने पुस्तकासाठी त्याचं पोर्ट्रेट खोदायला दिलंय हे कळल्यावर त्याने लिहिलं, असं पुस्तक न सांगता माझ्या हातात पडलं असतं तर मला लकवाच भरला असता. पोर्ट्रेट काढून टाकलं. पुस्तकाच्या नावाबद्दलही तो अडून बसला, त्याचं म्हणणं माझ्या कविता इथे चित्रांच्या स्पष्टीकरणापुरत्या आहेत, नाव तसंच द्या. म्हणून शीर्षकपानावर आहे, 'मिस्टर बेंटलींची डिझाइन्स, मिस्टर ग्रेंच्या सहा कवितांसाठी'. चित्रकार आधी, कवी नंतर! तेव्हा ग्रेची चर्चयार्डवरची एलिजी, म्हणजे चर्चच्या दफनभूमीवरचं शोककाव्य, नुकतीच, १७५१ ला, येऊन इंग्लंडभर गाजत होती, म्हणजे विकलं जाणार होतं ते त्याच्या नावावर. तरी. यात लाजाळूपणा किती आणि मोठेपणा किती ते सोडा, आम्हा चित्रकारांचं नाव आजही कितीदा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं, त्यामुळे ते शीर्षकपान बघून मला भरून आलं.

ग्रेने बेंटलीवर कविताही लिहिली, त्यात त्याच्या रेघेचं कौतुक आहे, की क्षणात विरून जाणारा विचार ती पकडून कायमचा करते. ती छापली गेली ग्रे गेल्यावर, १७७५ मध्ये, आणि हस्तलिखिताचा कोपरा फाटलेला असल्यामुळे शेवटच्या कडव्याच्या ओळींची टोकं गेलेली आहेत.

आणि आता कळलं तळाशी लायर आणि पॅलेट शेजारी शेजारी का ठेवलेत.

१५ जुलै

छापील चित्राशी तुलना. तांब्याच्या पत्र्यावर ही चित्रं खोदली दोघांनी, योहान सेबास्टियन म्युलर हा न्यूरेंबर्गचा, आणि चार्ल्स ग्रिनियन, जो लंडनमधे फ्रेंच चित्रकार ग्रावलोकडे शिकला होता, आणि रोकोकोची वळणं लंडनच्या चित्रकारांना शिकवणाऱ्यांतला हा ग्रावलो मुख्य. प्रत्येक कवितेला पानभर चित्र, सुरुवातीची पट्टी, सजवलेलं पहिलं अक्षर आणि शेवटचं छोटं चित्र.

मुद्रणाचं लिहून ठेवण्यासारखं म्हणजे, टाइप हा उठावाचा असतो, शाई उंचावर लागते. तांब्याचा पत्रा उलटा, शाई खोदलेल्या चरांत भरायची, वरचं पुसून टाकायचं आणि ओलसर कागद रोलरखाली जोरात दाबायचा म्हणजे तो चरांतून शाई ओढून घेतो. दोन्ही एका यंत्रावर होत नाही. त्यामुळे ज्या पानावर अक्षरंही आहेत आणि चित्राची पट्टीही, ते पान दोन वेगवेगळ्या प्रेसमधून काढायचं, आणि दोन्ही बरोबर जागी बसवायचं. मेहनत आणि खर्च दोन्ही दुप्पट. पानभर चित्राला ही कटकट नाही, ते स्वतंत्र.

खोदकामात रेघ कडक होते, टोकाला निमुळती आणि मधे फुगीर, सगळीकडे शिस्त. पिसाची रेघ थोडी थरथरते, थांबते, परत सुरू होते. उंदरांना ती थरथर शोभते, भांड्याला खोदकामाची शिस्त शोभते. मी माझ्या प्रतीत भांड्यावरच्या छाया खोदकामासारख्या समांतर रेघांनी घेतल्या आणि जिवंत प्राण्यांना मोकळं सोडलं.

१९ जुलै

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी विल्यम ब्लेक या इंग्लिश कवी-चित्रकाराने याच कवितांवर काम केलं, १७९७-९८ मधे, मूर्तिकार जॉन फ्लॅक्समनने बायकोसाठी सांगितलेलं. एकूण ११६ जलरंगातली चित्रं, आज येलच्याच ब्रिटिश आर्ट सेंटरमधे. त्याने ग्रेच्या १७९० सालच्या छापील पुस्तकाची पानं मोठ्या कागदांत मधोमध बसवली आणि भोवती रंगवलं, म्हणजे मधे छापील कविता आणि चित्र म्हणजे चौकट. मांजरीची सहा चित्रं आहेत, त्यात मांजर आणि मासे अर्धे माणसांच्या रूपात. ब्लेक मला आवडतो, कुणाला नाही आवडत. पण त्याच्या सेलिमाची दया येत नाही, ती फार भव्य आहे. बेंटलीची मांजर मांजरच आहे, कान मागे घेऊन वाकलेली, आणि म्हणून लागते.

२३ जुलै

शेवटचा हात. सेलिमा स्वतः मुद्दाम शेवटी ठेवली होती, सगळी चौकट पुरी झाल्यावर. अंगावरचे पट्टे थोड्याच रेघांत. कवितेत तिला पट्टेवाली म्हटलंय आणि तिची कातडी कासवाच्या पाठीशी स्पर्धा करते असंही म्हटलंय, दोन्ही एकाच वेळी शाईत दाखवता येत नाही, मी पट्ट्यांबरोबर गेले.

ग्रुपमधे दाखवलं. एकीने लगेच उंदरांवर बोट ठेवलं, दुसऱ्याला नियती आधी दिसली, एक जण म्हणाला मधलं झाकून बघितलं तरी गोष्ट कळते. त्याने खरंच तळहात ठेवला मधे. कळते. मग चौकट झाकून बघितली, तर उरते एक मांजर आणि एक भांडं, कुठल्याही दुपारी कुठल्याही घरात दिसेल अशी.

खऱ्या भांड्याचं पुढे काय झालं हेही विचारलं. वॉलपोलने ते टाकलं नाही, स्ट्रॉबेरी हिलला चौथऱ्यावर ठेवलं, कवितेचं पहिलं कडवं लावून, आणि घराच्या छापील वर्णनात त्याची नोंदही केली. १८४२ साली घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा ते अर्ल ऑफ डर्बींच्या संग्रहात गेलं.

प्रत माउंट करून ग्रुपच्या भिंतीवर लावलीय, शेजारी मराठीत आकृत्यांची माहिती, १७ जूनच्या नोंदीवरूनच. पुढचं काम ठरलं, याच कवितेचं शेवटचं छोटं चित्र, मेल्यानंतरची सेलिमा, पाताळात, समोर तिथला राखणदार कुत्रा सर्बेरस. त्याला तीन डोकी असतात. पीस नवीन कापून ठेवलंय, शाई बाटलीत अजून अर्धी आहे.